खारीसाठी गप्प बसलेल्या बसम्मा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे बसम्मांना, सगळं घाटनांदूर ओळखतं ते त्यांच्या बोलण्यामुळे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे. पावशेर साबुदाण्यासाठी आलेलं माणूस पुतणीच्या सोयरिकीची सगळी हकीकत सांगतं, आमच्या घरच्या चार गोष्टी ऐकतं आणि साबुदाणा तिथंच विसरून जातं. लग्न होऊन आले तेव्हा मला तर प्रश्न पडायचा, ही बाई श्वास कधी घेते? माझा स्वभाव तापट. दोन-तीनदा मी फटकन बोललेही, "आत्या, जरा गप्प बसा की." त्या माझ्याकडे बघून हसायच्या आणि पुढचं वाक्य सुरू करायच्या.

मग एकदा माझ्या नवऱ्याने, रुद्रेशने, मला सांगितलं. सासरे गेले तेव्हा बसम्मांनी कितीतरी महिने तोंडातून शब्द काढला नव्हता. जेवायला बसवलं तर जेवायच्या, नाहीतर भिंतीकडे बघत राहायच्या. शेवटी एक दिवस दुकानात कुणी नव्हतं म्हणून गल्ल्यावर जाऊन बसल्या. कुणीतरी विचारलं, "शेंगदाणे हायत का?" तर "हायत की, लई चांगले हायत" म्हणाल्या, आणि तिथून जे सुरू झाल्या ते आजतागायत. हे कळल्यावर मी त्यांना गप्प बसा म्हणायचं सोडून दिलं. निदान मोठ्याने म्हणायचं तरी.

गेल्या हिवाळ्यात दुकानात उंदरांनी उच्छाद मांडला होता. रुद्रेशने पोत्यांच्या मागे पिंजरा लावला, आत खोबऱ्याचा तुकडा. सकाळी बघतो तर उंदराऐवजी खार. पिंजऱ्याचं दार नेमकं तिच्या शेपटीवर आपटलं होतं. शेपटीचं टोक सोलून निघालेलं, आणि बिचारी कोपऱ्यात थरथरत बसलेली.

"परसात सोडून देतो," रुद्रेश म्हणाला.

"सोडतो कुठं? मांजरीच्या पुढ्यात?" बसम्मा वाकून बघायला लागल्या. "अरे, हिच्या पाठीवर भस्माचे तीन पट्टे हायत! ही आपल्यातलीच हाय, लिंगायत."

"आई, खारीवर रामानं बोटं फिरवली म्हणतेत. आन् भस्माचे पट्टे आडवे असतेत, हे उभे हायत."

"ती चालतीच आडवी. मग पट्टे आडवेच झाले की!"

बसम्मांनी कपाळाला लावायचं भस्म चिमटीत घेतलं आणि जखमेवर टाकायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर सत्यशीला आमच्याच दुकानातून किराणा नेतात, त्यामुळे लगेच आल्या. जाड मोजे घालून त्यांनी खारीला पंच्यात धरलं, शेपटीचं मेलेलं टोक कापलं, औषध लावलं. वनखात्याच्या माणसालाही त्यांनीच फोन करून कळवलं. जखम भरेपर्यंत सांभाळायचं आणि मग सोडायचं, असं ठरलं. जाताना म्हणाल्या, "मावशी, पट्टे तीन नाहीत, पाच आहेत. कडेचे दोन फिके आहेत बघा."

"पाच?" बसम्मांचा चेहरा आणखीच खुलला. "मग तर लईच चांगलं. नमः शिवाय. अक्षरं मोजा."

खारीला घर म्हणून आमचं जुनं जाळीचं कपाट मिळालं. एकेकाळी त्यात दूधदुभतं असायचं. मधल्या फळ्या काढल्या, कडुनिंबाची फांदी तिरकी बसवली आणि कपाट दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलं. कच्च्या शेंगा, काकडी, पेरूची फोड. गूळ नाही, बिस्कीट नाही, मीठ तर मुळीच नाही. पहिले दोन दिवस खार फांदीवर चढायची आणि लटपटून खाली पडायची, कारण तोल सांभाळायला पूर्वीएवढी शेपटी नव्हती. तिसऱ्या दिवशी ती पडली नाही, तर बसम्मांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवलं.

आणि बोलणं तर विचारूच नका. सकाळी लिंगपूजा झाली की त्या कपाटापुढे पाट टाकायच्या. "शरणार्थ गं माय. झोप झाली का?" अशा आमच्यातल्या नमस्कारानं जी सुरुवात व्हायची ती तेलाचे भाव, माझी पातळ झालेली आमटी, रुद्रेशचं पोट असं सगळं फिरून यायची. खार आधी लपायची. मग ऐकायला लागली. आठवडाभरात "शरणार्थ" म्हटलं की ती टुणकन जाळीशी यायची, आणि दार किलकिलं केलं तर बसम्मांच्या तळहातावर बसून शेंग फोडायची. बसम्मा तेव्हा अगदी लहान मुलीसारख्या दिसायच्या.

डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा बसम्मांनी मोठ्या ऐटीत हा खेळ करून दाखवला. मला वाटलं डॉक्टर टाळ्या वाजवतील. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, शेपटीची जखम छान भरलीय. पण आता हिला सोडता येणार नाही."

"कावून?"

"माणसाचं भय गेलंय तिचं. बाहेर कुणीही हाक मारली तरी जाईल. कुणी दगड मारील, कुणी पकडील. कुत्र्यापुढे सुद्धा अशीच जाऊन बसेल. भय परत आलं तर सोडू. नाहीतर आयुष्यभर जाळीमागे ठेवावं लागेल."

"मग ठेवून घेऊ की," रुद्रेश म्हणाला. "आईला बी सोबत होईल."

बसम्मांना ते हवं होतं, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांनी कपाटाकडे बघत विचारलं, "भय परत कसं आणायचं?"

"तोंड दाखवायचं नाही. आवाज ऐकू द्यायचा नाही. विशेषतः तुमचा."

कपाटावर चादर पडली. अन्न मी खालच्या फटीतून सरकवायचे. पण दुकान आणि ती खोली यांच्यामध्ये एवढीशी भिंत, आणि बसम्मांचा आवाज तिकडे स्टेशनपर्यंत जाणारा. त्यामुळे त्यांनी दुकानातही बोलणं बंद केलं. गल्ल्यावर बसून हातवारे. साखरेला बोटं चाटायची, मिरचीला सूं सूं करून दाखवायचं. शेजारच्या रुक्मिणीबाई घसा बसला असेल म्हणून ज्येष्ठमध घेऊन आल्या. रोजचं गिऱ्हाईक असलेल्या भगवानरावांनी गावभर सांगितलं की सुनेशी वाजलंय. हे ऐकून माझा पारा चढला, पण ओरडणार कशी? स्टेशनकडची एक बाई तर बसम्माकाकूंनी मौनव्रत धरलंय म्हणून पाया पडून गेली, आणि बसम्मांनी तिला गंभीर चेहऱ्याने आशीर्वाद दिला. ती वळल्यावर पदराने तोंड दाबून त्या अशा हसल्या की स्टूल हललं.

पण मी त्यांना एका दुपारी भिंतीकडे बघत बसलेलंही पाहिलं. त्या जुन्या दिवसांसारखंच. मी जवळ जाऊन बसले, हात हातात घेतला. त्यांनी माझा हात थोपटला आणि बोटाने मागच्या खोलीकडे दाखवलं. तिच्यासाठी आहे, बरं होईल सगळं, असं काहीतरी. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ही बाई आता बोलायला हवी.

शेवटी डॉक्टर आल्या. सकाळचं कोवळं ऊन होतं. रुद्रेशने आणि मी कपाट उचलून परसातल्या कडुनिंबाखाली ठेवलं, चादर काढली, दार उघडलं. खार दाराच्या चौकटीवर येऊन बसली. नाक हलवलं. हलली मात्र नाही.

"मावशी, आता हाक मारा," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "हातात शेंग घेऊन, रोजच्यासारखी. आली तर पुन्हा कपाटात ठेवून दार लावू."

बसम्मांनी शेंग घेतली. इतक्या दिवसांनी तोंड उघडायचं तर घसा बसलेला. एकदा खाकरल्या. मग आपल्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "शरणार्थ गं माय!"

खारीने एकदम मान वळवली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि अशी उडाली की कपाट खडखडलं. आखूड शेपटी फुलवून सरसर बुंध्यावर, तिथून फांदीवर, थेट शेंड्याला. वर बसून चिक् चिक् चिक् करून तिने बसम्मांना जे झापायला सुरुवात केली ती थांबेचना.

"मला भ्याली!" बसम्मा ओरडल्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "बगा डॉक्टरीनबाई, मला भ्याली ती! मलाच भ्याली!"

त्या दिवशी आमचं दुकान म्हणजे जत्रा होती. येईल त्याला त्या पहिल्यापासून सगळं सांगत होत्या, आणि भगवानरावांना तर दोनदा ऐकावं लागलं. संध्याकाळी भाकरी थापताना मी विचारलं, "आत्या, खरं सांगा, वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं की. हाक मारताना लई वाटत होतं, यावं हिनं," त्या म्हणाल्या. "आन् आली असती तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं." मग माझ्या तव्याकडे बघून म्हणाल्या, "भाकर करपली बग," आणि तिथून त्या पुन्हा अशा सुरू झाल्या की जेवणं होईपर्यंत मला एक शब्दही बोलता आला नाही.