दोनशेव्या पानावर बदलणारा नवरा

लग्नाचं बोलायला ते नागपूरला आमच्या घरी आले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. लखनौला केंद्र सरकारची नोकरी, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, सहा वर्षांची मुलगी. पोह्यांची बशी हातात तशीच धरून ते म्हणाले, "मुलीला आई हवी आहे. मला स्वतःला काही नको. तुम्हीही माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका." मला तो प्रामाणिकपणा वाटला. महिन्याभरात मी लखनौला, विकास नगरच्या त्यांच्या घरी राहायला आले.

मुलगी मला आंटी म्हणायची. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. होईल हळूहळू सवय, असं सगळे म्हणाले. सवय झाली, ती मला.

जवळच्या शाळेत मी शिकवायला लागले. तिथल्या ग्रंथपाल बाई ख्रिश्चन होत्या, तेलीबागेतून यायच्या. एकदा त्यांनी मला एक इंग्रजी कादंबरी दिली. "पढ़कर देखो दीदी, साफ-सुथरी कहानी है." मुखपृष्ठावर गव्हाचं शेत, टोपडं बांधलेली बाई आणि दूर एक पाठमोरा पुरुष. दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिका. एक मास्तरीण आगगाडीनं पश्चिमेकडे निघते, कधीही न पाहिलेल्या विधुर शेतकऱ्याशी लग्न करायला. स्टेशनवर तो तिला सांगतो, मला मुलीसाठी आई हवी आहे, प्रेमाची अपेक्षा ठेवू नकोस.

मी पुस्तक मिटून कुकर लावायला उठले. मग गॅस बंद करून पुन्हा वाचायला बसले.

त्यानंतर तशा तीसेक कादंबऱ्या वाचल्या. सगळ्यांत तेच. लाकडी घर, बर्फ, बायबल, कमी बोलणारा पुरुष. दोनशेव्या पानाच्या आसपास मुलीला ताप भरतो, बाई उशाशी बसून राहते, आणि तो पुरुष गुडघे टेकून देवापाशी रडतो. मग उठून बाईचा हात धरतो. तो देव माझ्या कामाचा नव्हता. आम्ही बौद्ध, वंदना म्हणतो, मागणं मागत नाही. पण त्या पानाची मात्र मी वाट बघायला लागले. हे लिहिताना लाज वाटते.

ग्रंथपाल बाईंना मी एकदा विचारलं, "ये ज़मीन पहले किसकी थी? वहाँ के आदिवासी दो लाइन में आते हैं और पहाड़ के पीछे चले जाते हैं."

त्या हसल्या. "दीदी, आप लव स्टोरी में भी यही ढूँढती हो!"

गावाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या घरातली मी, मला त्या दोन ओळी दिसणारच. तरीही पुढचं पुस्तक मी घेतलंच. त्याचाही राग येतो, माझाच मला.

मुलगी अकरा वर्षांची असताना तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या. आठ दिवस मी दवाखान्यात तिच्याजवळ होते. पाचव्या दिवशी ताप उतरला. ते ऑफिसमधून आले, खाटेशी थांबले, मुलीच्या कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी उठून उभी राहिले.

"तुझी रजा किती शिल्लक आहे?" त्यांनी विचारलं. "माझी संपत आली."

मुलीला घरी आणल्यावर मी त्यांना त्या पहिल्या कादंबरीची गोष्ट सांगितली. सगळी, शेवटासकट. त्यांनी ऐकून घेतली.

"मग?"

"मग काही नाही. तो शेवटी बदलतो."

"मी तुला नागपुरातच सांगितलं होतं," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

गेल्या हिवाळ्यात मुलीचं लग्न झालं. पत्रिका छापून आल्या. वडिलांचं नाव होतं, दिवंगत आईचं होतं. माझं कुठेच नव्हतं. "बुरा मत मानना आंटी," ती म्हणाली, "नानी की इच्छा थी." वंदनेच्या वेळी तिच्या शेजारी तिची मावशी उभी राहिली. ते मला म्हणाले, "जरा जेवणाकडे बघ, पुऱ्या गार होत असतील." मी गेले. वीस वर्षं जात होते तशीच गेले. पुऱ्या गरम होत्या.

आठवड्याभरात ग्रंथपाल बाईंनी मला तेलीबागेत एक खोली बघून दिली. मी बॅग भरताना ते दारात उभे होते. "किती दिवसांसाठी?" त्यांनी विचारलं. मी बॅगेची चेन लावली. चार महिने झाले. त्यांचा फोन एकदाच आला, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंय ते विचारायला.

परवा मुलगी आली. मी खुर्ची पुढे केली, चहाचं आधण ठेवलं. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"आंटी, पापा का खाना कौन बना रहा है?"

"त्यांनाच विचार," मी म्हटलं.

ती जरा वेळ मोबाइल बघत बसली. चहाला उकळी यायच्या आतच निघाली. जिना उतरता उतरता तिनं फोन लावला. वरपर्यंत ऐकू आलं, "हाँ पापा, देख लिया. ठीक हैं वो."