खिडकीच्या चौकटीवरचे दात

गल्लीत तिला सगळे मापबाई म्हणत. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात तिची तीस वर्षं गेली होती. मुलाकडे नुसतं बघून ती छातीचं माप सांगायची आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. तरीही आधी मोजायचं, मग कागदावर लिहायचं, मग हात लावायचा, हा तिचा खाक्या. नवरा नेमका उलट. जुन्या छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवता जुळवता त्याचे केस पिकले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं.

लेक कामावर जाताना दहा महिन्यांच्या छकुलीला आईबापाकडे सोडून जायची. लेकरू रांगायला लागलं, धरून उभं राहायला लागलं, तशी मागची खोली तिच्यासाठी रंगवायची असं दोघांनी ठरवलं. लेक म्हणाली होती, "तुम्हीच करा, पण नीट करा."

त्या शनिवारी सकाळी छकुली पुढच्या खोलीत झोपली होती. मापबाई यादी घेऊन निघाली. दारातून वळून म्हणाली, "मी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

"बरं बाई," नवरा म्हणाला. इतक्या सहज तो कधी ऐकायचा नाही, पण तेव्हा तिच्या ते लक्षात आलं नाही.

रंगाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार वयस्क, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिनं रंगछटांच्या कार्डावरच्या लिंबासारख्या पिवळ्यावर बोट ठेवलं.

"कार्डावर गोड दिसतो हा," तो म्हणाला, "पण चार भिंतींवर चढला की अंगावर येतो. याच्या दोन घरं खालचा घ्या. आणि वास कमी असलेला देतो, लेकराची खोली आहे म्हणताय तर."

तिला माणूस आवडला. प्रायमर झाला, रोलर झाला, दोन ब्रश तिनं केस ओढून पारखून घेतले. मग म्हणाली, "खरखरीत पॉलिश पेपर द्या चार. खिडकीच्या चौकटीचा रंग पोपडे धरून सुटतोय."

दुकानदाराचा हात फळीवरच थांबला. "घर किती जुनं?"

"पन्नास तरी झाली असतील. आम्ही नंतर घेतलं."

"चौकटीला ऑइलपेंट? किती थर?"

तिनं आठवून सांगितलं. वर पांढरा, त्याखाली निळा, आणि सुटलेल्या जागी सगळ्यात खाली हिरवा.

"कोरडं घासू नका हं. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. घासलं की धूळ होते आणि ती घरभर बसते. मोठ्यांनाही वाईटच, पण लहान पोरांच्या मेंदूला बाधते."

मापबाईच्या डोळ्यांपुढे ती चौकट आली. छकुली तिला धरून उभी राहायची आणि हिरड्या शिवशिवल्या की लाकूड चावायची. कडेला चार बारीक दात उमटले होते. ते दोघांनी कौतुकानं सगळ्यांना दाखवले होते.

तिनं घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. आणि मग आठवलं, काल संध्याकाळी नवऱ्यानं शेजाऱ्याकडून लाकूड घासायचं मशीन आणलं होतं. "असू दे, लागेल," म्हणाला होता.

सामान तिथंच टाकून ती पळत सुटली. गुडघा दुखायचा, पण त्या दिवशी तिला ते आठवलंही नाही. घराच्या कोपऱ्यावर आली तोच मशीनची घरघर ऐकू आली.

मागच्या खोलीत धुरकट पांढरं झालं होतं. नवरा नाकाला रुमाल बांधून चौकटीवर वाकला होता. आणि त्याच्या पाठीमागे, उंबऱ्याशी, झोपेतून उठून रांगत आलेली छकुली बसली होती. फरशीवरच्या धुळीत बोटानं रेघा मारत होती. तेच बोट तोंडाकडे निघालं होतं.

मापबाईनं तिला उचललं आणि मशीनची वायर भिंतीतून उपटली.

"अगं, ही उठली कधी? आणि अर्धी चौकट झालीसुद्धा..."

"शिसं आहे त्या रंगात!"

त्याला शिसं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. छापखान्यात त्याच्या शेजारच्या माणसाचा पंजा लुळा पडलेला त्यानं पाहिला होता. त्याचा चेहरा उतरला. "तिचे हात धू. तोंड धू. कपडे काढ सगळे," तो भराभर बोलू लागला. "झाडू लावू नकोस, धूळ उडेल. मी ओल्या फडक्यानं टिपतो." त्यानं स्वतःचा सदरा तिथंच काढून पिशवीत कोंबला.

तासाभरात ते डॉक्टरकडे होते. लेकही कामावरून थेट आली. बापानं स्वतःच सगळं सांगितलं, एक शब्दही गाळला नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर ठेवलं होतं, बाबा." छकुलीला घेऊन ती निघून गेली.

रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत घरात कुणी धड जेवलं नाही. शिसं निघालं, असायला हवं त्याहून थोडं जास्त. डॉक्टर म्हणाले, औषधाची गरज नाही, चौकटीपासून लांब ठेवा, महिन्यानं पुन्हा तपासू. "हे एका सकाळच्या धुळीचं वाटत नाही. चावत होती ना? बरेच दिवस चाललं असेल."

म्हणजे त्या सकाळी कळलं नसतं, तर चावणं तसंच चालू राहिलं असतं. मापबाईनं नवऱ्याला हे दोनदा समजावलं. त्याच्या पचनी पडलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून दुकानात गेली. नवऱ्यानं बारीक धूळ अडवणारे मास्क निवडले, जाड प्लॅस्टिक घेतलं, पाणी फवारायची बाटली घेतली, आणि प्रत्येक गोष्टीला दुकानदाराला विचारलं, "एवढ्यानं भागेल? नक्की?" शेवटी त्यानं ती चौकट ठेवलीच नाही. माहितगार सुताराकडून ओली करून अख्खी काढून घेतली, गुंडाळून बाहेर पाठवली. नव्या लाकडाला मापबाईनं रंग दिला. तो नुसता शिडी धरून उभा राहिला.

महिन्यानं दुसरा रिपोर्ट आला. आकडा उतरला होता.

तरी लेक लगेच आली नाही. आणखी दोन आठवडे गेले. मग एका सकाळी छकुलीला कडेवर घेऊन आली, मागच्या खोलीत गेली, खिडकीवरून बोट फिरवलं, कोपरे वाकून पाहिले. बाप दारात उभा होता, आत यायचं धाडस करत नव्हता.

"संध्याकाळी सहाला येते न्यायला," ती म्हणाली, आणि लेकराला त्याच्या हातात दिलं.