पाचवं शील

माझा मोठा भाऊ वायरमन होता. परळच्या आमच्या चाळीत कुणाचा पंखा अडला, कुणाचा फ्यूज उडाला की आधी दादाला हाक जायची. जेवता जेवता उठायचा. आई म्हणायची, "अरे, दोन घास खाऊन जा." तो म्हणायचा, "लहान बाळ आहे त्यांच्याकडे, उकडत असेल त्याला."

ही हाक हळूहळू बंद झाली. वायरमनचा हात थरथरायला लागला की लोक बोलत नाहीत, दुसरा वायरमन शोधतात. दादाचा हात सकाळी थरथरायचा आणि घोटभर पोटात गेली की स्थिर व्हायचा. तेव्हा तर त्याला कामाला बोलावणं अजून धोक्याचं. त्यानं प्यायला नक्की कधी सुरुवात केली, ते आम्हाला कुणालाच सांगता येणार नाही. आधी कामावरच्या लोकांबरोबर, मग एकटाच. घरी येऊन त्यानं कधी आरडाओरडा केला नाही, वहिनीवर हात टाकला नाही. गप्प येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. वहिनी एकदा मला म्हणाली, "ताई, भांडले असते तर मीही भांडले असते. हे कुणाशी भांडू?"

ती माहेरी वडाळ्याला गेली तेव्हाही भांडण झालं नाही. मुलीचा युनिफॉर्म, दप्तर, स्वतःच्या चार साड्या भरल्या, आईच्या पाया पडली आणि मुलीचा हात धरून जिना उतरली. दादा गॅलरीत उभा होता. पोरगी खालून वर बघून हात हलवत होती, तिला वाटलं सुट्टीला चाललोय. दादानंही हात हलवला.

त्यानंतरच्या एका रविवारी आईनं त्याला सकाळीच उठवलं. "अंघोळ कर, पांढरा शर्ट घाल आणि माझ्याबरोबर खाली चल."

खाली म्हणजे बुद्धविहारात. चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या एक करून लोकांनी केव्हातरी तो बांधला होता. दर रविवारी तिथं वंदना व्हायची आणि बायकांच्या ओळीत पुढे माझी आई असायची. तिचा आवाज चांगला होता. त्रिशरण, पंचशील ती सांगायची आणि बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. वंदना संपली की बहुतेक लोक घरी जायचे, पण काही पुरुष सतरंजीवर मागे थांबायचे. कुणी दारू सोडलेले, कुणी सोडू बघणारे. त्यांच्यामध्ये एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बसायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. ते महापालिकेत चावीवाले होते, म्हणजे गल्लोगल्ली फिरून पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. ऐन उमेदीत प्यायचे, मग सोडली, आणि तेव्हापासून रविवारची ही बैठक त्यांनी चालवली होती. बैठकीत उपदेश कुणी करत नसे. आठवडा कसा गेला ते प्रत्येकानं सांगायचं, आणि उठण्याआधी एवढंच सांगायचं की आज संध्याकाळी मी कुठे असेन आणि माझ्यासोबत कोण असेल.

दादा पहिल्या दिवशी वंदनेला बसला. मी आईच्या मागे होते. सगळे पंचशील म्हणत होते, दादाही म्हणत होता. लहानपणापासून तोंडपाठ. जिवाची हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. पाचवं शील दारूचं. तिथं त्याचा आवाज थांबला.

काकांच्या ते लक्षात आलं. बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पाचवं का नाही म्हणालास?"

दादा म्हणाला, "आज संध्याकाळी मी पिणार, हे मला माहितीये. मग ते म्हटलं तर चौथं मोडेल."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. "मग चारच म्हण. पण दर रविवारी येऊन म्हण."

तो येत राहिला. काकांनीच त्याला मोठ्या हॉस्पिटलात व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. "नुसत्या वंदनेनं अंगातलं विष जात नाही. औषध डॉक्टरांचं, सोबत आपली," असं ते आईला म्हणाले होते. दारू थांबवल्यावर पहिले काही दिवस दादाचे फार वाईट गेले. घामानं चादर भिजायची, त्याला भिंतीवर मुंग्या दिसायच्या. वॉर्डात त्याच्या उशाशी आळीपाळीनं बसणारे लोक बैठकीतलेच होते. त्यातल्या काहींना मी तोपर्यंत नीट ओळखतही नव्हते.

त्याची खरी अवघड वेळ म्हणजे कामावरून सुटल्यापासून जेवणापर्यंतची. एका कारखान्यात त्याला मेन्टेनन्सचं काम मिळालं होतं आणि घराच्या वाटेवर पुलाखाली त्याचा नेहमीचा बार होता. म्हणून काका रोज संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहायचे आणि त्याला लालबागच्या मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीतून फिरवून घरी आणायचे. त्या वाटेवर बार नव्हता. तिथं मिरच्या कुटायचं काम चाललेलं असायचं. दोघंही शिंकत, डोळे पुसत घरी यायचे. आई हसायची. कितीतरी दिवसांनी हसायची.

गणपतीत मात्र तो घसरला. एका मंडळाच्या लायटिंगचं काम त्यानं घेतलं. काकांनी नको म्हणून सांगितलं होतं. दादा म्हणाला, "काका, हात आता हलत नाही. लोकांना बघू दे की." लायटिंग सुंदर झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि काम संपल्याच्या आनंदात त्याच्या हातात कुणीतरी ग्लास दिला. चार दिवस तो सापडला नाही. पाचव्या दिवशी काकाच त्याला वडाळ्याच्या बाजूनं घेऊन आले. वहिनीच्या माहेरच्या इमारतीसमोर फुटपाथवर बसला होता. वर गेला नव्हता.

रविवारी आईनं त्याला पुन्हा पांढरा शर्ट काढून दिला. तो नको म्हणाला. "कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं चार म्हणत होतास त्याच तोंडानं," आई म्हणाली.

माघ पौर्णिमेला त्यानं पाचवं शील म्हटलं. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं. आईलाही आलं असणार, कारण पुढचं सांगताना ती अडखळली. ती कधी अडखळायची नाही. मागं वळून मात्र पाहिलं नाही तिनं. घरी आल्यावर तिनं खीर केली आणि शेजारीपाजारी वाटली, कशाबद्दल ते न सांगता. सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. पुढची तीन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली. चाळीतले लोक परत हाक मारायला लागले. विहाराचं सगळं वायरिंग त्यानं नव्यानं केलं. बैठकीत नवीन कुणी आलं की त्याला फाटकावर घ्यायला आता दादा जायचा. पोरगी रविवारी यायची, बापलेक दादरला चौपाटीवर जायचे. वहिनी तिला सोडायला यायची, चहा घ्यायची, पण परत राहायला आली नाही. मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "ताई, त्यांचं चांगलं चाललंय, मला बरं वाटतं. पण रोज जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातलं काम टाकून, आज कसे आलेत ते कान देऊन ऐकायचे. ते अजून सुटत नाही. त्यांचा दोष नाही आता, पण माझाही नाही." दादाला हे मी सांगितलं नाही. त्याला ते ठाऊकच असावं. त्यानं तिला कधी आग्रह केला नाही.

मग त्याचे पाय सुजायला लागले. आम्हाला वाटलं उभ्याचं काम, होतं तसं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले तेव्हा हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण होती, नीट बसून बोलली. लिव्हर फार आधीच खराब झालं होतं. दारू सोडली म्हणून इतके दिवस तग धरला, पण आता फार काही करता येणार नाही.

दादा सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे मी थांबलो, ते थांबलं नाही."

शेवटचे दोन महिने तो त्याच हॉस्पिटलात आत-बाहेर करत होता. बैठकीतले लोक पुन्हा आळीपाळीनं येऊन बसू लागले. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा काका त्याची नखं कापत होते. दादा विचारत होता, "काका, एक सांगा. आता प्यायलो तरी काय फरक पडणार?"

काकांनी नेलकटर थांबवला. "शरीराला काही नाही."

"मग?"

"मग तुझं तू ठरव. आणून देणार नाही मी. पण प्यायलास तरी उद्या येईन."

दादानं दुसरा हात पुढे केला. पुढे त्यानं तो विषय काढला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याचं भान जात-येत होतं, पण मुलगी आली त्या दुपारी तो पूर्ण शुद्धीत होता. तिच्या भूगोलाच्या चाचणीबद्दल विचारलं, ती सांगत असताना तिचे केस सारखे करत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला विहार भरला होता. वहिनी पांढरी साडी नेसून आईशेजारी बसली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाहून आलेले आमचे एक लांबचे नातेवाईक बोलायला उभे राहिले. म्हणाले, "दारूनं आपल्या समाजातला अजून एक कर्ता मुलगा नेला. तरुणांनी यातून धडा घ्यावा." त्यांच्या मनात वाईट नसावं. पण आई उठली आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत बाहेर निघून गेली. मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. ती पायरीवर बसली होती. "तीन वर्षं कुठं गेली?" ती म्हणाली. "त्याची तीन वर्षं कुणी धरतच नाही."

त्या दिवसापासून तिनं विहारात जाणं सोडलं. घरातल्या मूर्तीसमोर मेणबत्तीही मीच लावायचे. काका भेटायला यायचे, ती त्यांना चहा द्यायची. एकदा तिनं त्यांना सरळ विचारलं, "एवढं सगळं करून तो गेलाच. मग काय मिळालं मला?" काका कपाकडे बघत म्हणाले, "मला माहीत नाही, बाई." दुसरं काही बोलले असते तर बहुतेक तिनं त्यांना पुन्हा घरात घेतलं नसतं.

यंदाच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने विहारात ग्रंथ वाचतात तेव्हा, एका रविवारी ती पहिल्यांदा खाली आली. आत गेली नाही. दाराबाहेर चपलांच्या बाजूला खुर्ची टाकून बसली. मी तिच्याजवळ उभी होते. एक अनोळखी बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याची दाढी वाढलेली, हात खिशात दडवलेले. तो आत जाऊन मागच्या ओळीत बसला. बाई दारातच घुटमळली आणि आईला म्हणाली, "मावशी, इथं खरंच सुटते का हो?"

"सुटते," आई म्हणाली. "माझ्या मुलाची सुटली."

"आता काय करतो तो?"

आईनं पदर सारखा केला. "तो नाही आता. पण गेला तेव्हा शुद्धीत होता. लेकीशी बोलला."

बाईनं आईच्या दंडावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. आत पंचशील सुरू झालं होतं. आईचे ओठ हलत नव्हते.

पुढच्या रविवारी ती दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी बाई एकटीच आली. आईनं तिच्याकडे पाहिलं. मला म्हणाली, "वरून अजून एक खुर्ची आण."