प्लीहेच्या धमनीवरचा फुगा

ज्याला दुखत नाही त्याला रोगी कसे म्हणावे, हा माझा पहिला प्रश्न होता. बेसा येथे राहणारी माझी मुलगी आम्लपित्ताच्या तक्रारीसाठी सोनोग्राफीला गेली आणि डाव्या बरगड्यांमागच्या प्लीहेच्या धमनीला फुगा आल्याचे निदान घेऊन परतली. सीटी स्कॅनने ते पक्के केले. दुसरे मूल हवे असेल तर आधी या फुग्याचा बंदोबस्त करावा, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. गरोदरपणात तो फुटला तर आई आणि बाळ दोघांनाही वाचवणे कठीण. दुसरे मूल तिला हवेच होते. भीती घालून उपचार गळ्यात मारण्याची ही रीत असावी, असे मला वाटले.

मी शिकवत असे त्या शाळेत फेरतपासणीची उत्तरपत्रिका आधीचे गुण झाकूनच दुसऱ्या शिक्षकाकडे जात असे. त्याच नियमाने मी स्कॅनची सीडी दुसऱ्या तज्ज्ञाकडे नेली. पहिला रिपोर्ट मुद्दाम घरी ठेवला आणि मुलीला बजावले, "आपण होऊन काही सांगायचे नाही."

"बाबा, तुम्ही डॉक्टरले कॉपी करताना पकडाले चालले काय?" ती म्हणाली. जावई गाडी चालवता चालवता हसू दाबत होते.

या डॉक्टरांनी पडद्यावर चित्रे सरकवली आणि नागमोडी धमनीवर एका ठिकाणी ते थांबले. जागा तीच. "दुसऱ्या बाळाचा विचार आहे का?" त्यांनी विचारले. दोन्ही निदाने इतकी तंतोतंत जुळली, की दोघांचे आधीच फोनवर बोलणे झाले असावे, अशी नवी शंका मला आली.

फुग्याजवळ धमनी आतून बंद करावी लागेल, असे त्यांनी सांगितले. "धमनी बंद केल्यावर प्लीहेला रक्त कुठून मिळणार?" मी विचारले.

"जठराकडच्या लहान वाहिन्यांतून."

उत्तर बरोबर असावे. पण पाठ केलेले उत्तरही बरोबरच असते.

मुलीने मात्र त्यांच्याकडूनच उपचाराची तारीख घेतली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत नेऊन त्यांनी फुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे धातूच्या तारेची वेटोळी बसवली. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि डाव्या कुशीत कळा सुरू झाल्या. आजवर न दुखणारे आता दुखत होते! मी डॉक्टरांना दारातच अडवले. प्लीहेच्या एका कोपऱ्याला रक्त कमी पडले आहे, या उपचारात असे होऊ शकते, ओसरेल, एवढेच ते म्हणाले.

पत्नीने मला बाजूला ओढले. "लेकीले झोपू द्या आधी. तुमची तोंडी परीक्षा मंग घ्या."

कळा खरोखरच ओसरल्या. पुढच्या स्कॅनमध्ये फुग्यात रक्त शिरत नसल्याचे डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले.

"म्हणजे आता बाळाचा विचार केला तर चालते नं?" मुलीने विचारले.

"हरकत नाही."

"कशावरून?" मी खुर्ची पुढे ओढली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "याच्यापुढचं आमचं आम्ही पाहून घेऊ नं."

जावयांनी मान खाली घातली. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. दार लागल्यावर आत तिघेही हसले. कशाला हसले, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.