दुसऱ्या स्लाइडवरचं रायपूर

"नागपूर खाली पाहिजे," वैद्य सर म्हणाले. "चार्टवर आपला बार उंच."

स्लाइड दोन: रायपूर आणि नागपूर, लोकसंख्येची तुलना. प्रेझेंटेशन दुसऱ्या दिवशी होतं. रायपूर ते नवा रायपूर बससेवेचा आराखडा आम्ही केला होता. तो मंजूर झाला तरच समता कॉलोनीतलं सरांचं सहा माणसांचं ऑफिस पुढे चालणार होतं.

शहराची लोकसंख्या दोन प्रकारे मोजतात. एक, महापालिकेच्या हद्दीतली. दुसरी, महानगर क्षेत्राची: शहर आणि त्याच्याशी रोजच्या येण्याजाण्या‍ने जोडलेली आसपासची गावं, शहरं. तुलना करताना दोघांना एकच माप लावायचं, एवढाच नियम.

सरांनी रायपूरला महानगराचं माप लावलं होतं, नागपूरला महापालिकेचं. बारखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं.

"सर, आपण शेजारचं भिलाई-दुर्ग पण मोजून राहिलो."

"हव. ते का परके आहेत?"

"मग नागपूरची कामठी, हिंगणा धरू?"

"काहून? त्यांचं ते पाहतील! कविता दीदी, माझा साळा दर दिवाळीले फोनवर विचारते, 'तुमच्या गावात लाइट असते ना?'"

सरांचं सासर नागपूरचं. मी वाद घातला नाही. फक्त कुठला आकडा कुठल्या हद्दीचा, याची माझी यादी फाइलच्या शेवटी लावली.

प्रेझेंटेशनमध्ये अधिकारी मॅडम दुसऱ्या स्लाइडवर खूश दिसल्या. सहाव्या स्लाइडवर थांबल्या. तिथे किती बसेस लागतील ते होतं. खर्चाची मागणी छोटी दिसावी म्हणून सरांनी तिथे महापालिकेचं माप घेतलं होतं, आणि नवा रायपूर त्या हद्दीबाहेर.

"मैं नवा रायपुर में रहती हूँ," मॅडम म्हणाल्या. "स्लाइड दो में मैं हूँ। छह में कहाँ गई?"

सर एसीकडे बघू लागले. मी यादीचं पान उघडून पुढे सरकवलं. मॅडमनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"सब एक नाप पर लाइए। सोमवार तक।"

सोमवारच्या स्लाइड्सवर बसेस वाढल्या आणि नागपूर आमच्या वर गेलं. आराखडा मंजूर झाला. ऑफिसात पेढे वाटले. सरांनी अर्धाच खाल्ला.

दिवाळीत त्यांनी जुन्या स्लाइडचा फोटो साळ्याला पाठवला. पाच मिनिटांत आलेलं उत्तर त्यांनीच मला दाखवलं: "भाऊजी, मी तर कामठीत राहतो. मले काहून नाही मोजलं?"

माझ्या यादीत आता एक रकाना वाढला आहे. आकडा, वर्ष, हद्द, आणि आकडा देणाऱ्याचं सासर.