अरुंद जोडी, रुंद जोडी

आमच्या घरात फोनवर बोलायचं काम बायकोचं. मी आपला बाजूला बसून ऐकायचो. दोन वर्षांमागं ती गेली, अन् दर रविवारी दुपारी नॉर्वेहून येणारा पोराचा फोन माझ्या हातात आला. काय बोलावं? पाऊसपाणी, तब्येत, गावात कोण वारलं. पाच मिनिटांत गप्पा संपायच्या. मग पुढच्या रविवारपर्यंत मी अन् माझी दोन म्हसरं.

औंदा थंडीत त्यानं इचारलं, "आप्पा, बर्फावर चालायच्या फळ्या घ्यायच्यात मला. स्की म्हणतात. दोन जोड्या बघून ठेवल्यात, पण ठरंना. तुमी सारी जिंदगी बैलं पारखलीत, सांगा बरं."

फोटो पाठवले. एक जोडी लांब, अरुंद, हलकी. दिवसभर सपाटीनं चालावं अशी. तळाला माशाच्या खवल्यावाणी खाचा, चढताना मागं घसरू नये म्हणून. दुसरी आखूड, रुंद, कडेला पोलादी पट्टी. उतारावर वळणं घ्यायला हुकमी, पण वजनाला जड. त्या दिवशी आमी पाऊण तास बोललो. पाऊण तास! फोन गरम झालता.

तिथंच माझ्या मनात पाप आलं. बैलबाजारात ज्याला सौदा करायचा नसतो तो नुसती खोड काढीत बसतो. मी तेच धरलं. लांब जोडी त्याला आवडली की म्हणायचो, "वळायची न्हाई लेका ती, झाडावर नेऊन घालील." रुंद जोडीवर आला की, "सपाटीला पाय भरून येतील. जड बैल दुपारीच बसकण मारतो." आठवडाभर म्हसरांमागं बसून मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघायचो. बोली कळंना, पण माणूस कुठं पडतो ते दिसायचं. जन्मात बर्फ बघितला न्हाई, पण रविवारी असा बोलायचो की इचारू नका!

पाच रविवार असे गेले. सुखाचे गेले, खोटं कशाला बोलू?

सहाव्याला पोरगं हसलं न्हाई. "आप्पा, निम्मा हिवाळा गेला हितं. फळ्यांचं राहू द्या. तुमचं सांगा. दिवस कसा जातो? एकटं वाटतं का?"

वाटतं रे. लई वाटतं. सांजच्याला चूल पेटवायचा कटाळा येतो, दोन भाकरी कुणासाठी थापायच्या? सगळं सांगून टाकावं वाटलं. पण आमच्यात बाप पोराशी असं बोलत न्हाई. आवाज फुटंल म्हणून भ्याव वाटलं. घाईघाईनं म्हणलं, "रुंद घे. चांगली हाय, काई खोड न्हाई तिच्यात."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं तिथल्या तिथं मागवली. लई खुश झाला.

पुढच्या रविवारी जेवण उरकून फोन घिऊन ओट्यावर बसलो. तीन वाजले, चार वाजले. मग त्यानं सकाळीच पायथ्याहून पाठवलेला फोटो दिसला. पांढराफेक डोंगर, पायात नव्या फळ्या, अन् खाली लिहिलेलं: बर्फ हाय तवर दर रविवारी डोंगरातच आप्पा, तिथं रेंज नसते.