बाईंचा रविवार

"बसा, पण बोलू नका."

मधल्या सुट्टीत डबा घेऊन प्रयोगशाळेत डोकावणाऱ्या प्रत्येकाला बाई एवढंच सांगायच्या. सांगताना त्यांचा हात थांबायचा नाही. कपाटातून स्टीलचं ताट काढायचं, पुसलेलं असलं तरी पुन्हा पुसायचं. भाजी उजवीकडे, लोणचं डावीकडे, वर लिंबाची फोड. पाहुण्याला वाढावं तसं स्वतःला वाढून घ्यायचं आणि खिडकीकडे तोंड करून बसायचं. आलेला माणूस पाच मिनिटांत कंटाळून स्टाफरूमची वाट धरायचा.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. लोक त्याला तुसडं म्हणतात आणि मनातून जरा वचकून असतात. बाई पनवेलच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होत्या. निळा अ‍ॅप्रन, बोटांवर अ‍ॅसिडचे पिवळे डाग, चष्म्याला मागून दोरी. लग्न केलेलं नव्हतं. मूळ गाव गव्हाणच्या बाजूला; वडील मिठागरात कामाला होते. शाळेत अगदी शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या किंवा जीव लावला की गावची बोली यायची. चिडल्यात की जीव लावतायत, हे चेहऱ्यावरून मात्र कळायचं नाही.

मी तिथे ऑफिसात क्लार्क म्हणून लागले ती दोन हजार सहा-सातची गोष्ट. नवऱ्याने पुण्यात दुसरा संसार थाटला होता. मूलबाळ नव्हतं. उरण नाक्याजवळ मी एक खोली भाड्याने घेतली होती आणि तिथे जायला लागू नये म्हणून शाळा सुटल्यावरही फायली उपसत बसायचे.

एकदा तापाने चार दिवस घरी होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी दारात बाई. मी ओट्याशी उभी राहून कुकरमधूनच खिचडी खात होते.

"ताट नाय तुझ्याकडे?"

"एकटीसाठी कशाला, बाई?"

"मग कुणासाठी? तू कुनीच नाय का?"

त्यांनी स्वतः ताट धुतलं, मला वाढलं आणि जेवण होईस्तोवर समोर बसून राहिल्या. 

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. रडू आलं की कुणाला फोन लावायचा नाही, आधी तोंड धुवायचं. टीव्ही सोबतीला म्हणून लावून ठेवायचा नाही. वडाळे तलावाच्या काठावर मोबाइल न घेता अर्धा तास बसायचं. सिनेमाला एकटीनं जायचं आणि मध्यंतरात वडा खायचा, कुणी बघतंय का ते न बघता. आणि सगळ्यात कडक नियम रविवारचा. "रविवार माझा," बाई म्हणायच्या. "त्या दिवशी माझ्याकडे कुनी येत नाय, मी कुनाकडे जात नाय. तूही तसाच धर."

पहिले काही रविवार भयंकर गेले. दुपारी चार वाजता शेजारच्या घरांतून चहाच्या कपांचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, सगळ्या गावात आपण एकट्याच उरलोय. पण मी हट्टाने धरून राहिले. केसांना तेल लावायचे, साड्यांना इस्त्री करायचे, कुंडीतली माती बदलायचे. एका रविवारी दिवा लावायला उठले तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळ झालीय आणि चार वाजलेले मला कळलेच नाहीत. सोमवारी बाईंना सांगितलं. त्यांनी परीक्षानळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

मग ते सर आले. ज्युनियर कॉलेजात अकाउंटन्सी शिकवायचे. बायको वारलेली, आठ वर्षांची मुलगी. ऑफिसच्या खिडकीशी उगाच रेंगाळायचे. एक दिवस सरळ म्हणाले, "रविवारी आम्ही दोघं कर्नाळ्याला पक्षी बघायला जातोय. तुम्ही याल का? मुलीनेच विचारायला सांगितलंय." मला हसू आलं, मुलीचं नाव त्यांनी पुढे केलं होतं हे त्यांचे कानच सांगत होते, इतके लाल झाले होते.

मी बाईंकडे गेले. बाई ब्यूरेट धूत होत्या. मी सगळं सांगितलं. नळ बराच वेळ चालू राहिला.

"मी काय सांगू," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं लागली तुला रविवार उभा करायला. मोडायचाय का, ते तूच बघ."

मी सरांना नाही म्हटलं. त्यांनी महिन्याभराने पुन्हा विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. पुढच्या वर्षी ते पेणच्या कॉलेजात गेले आणि तिथे त्यांनी लग्न केलं. पत्रिका शाळेत आली होती. नोटीस बोर्डावर मीच लावली. वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. आपण कुणाच्या आधारावर उभ्या नाही, बाईंसारख्या आहोत, असा.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बाई निवृत्त व्हायला आल्या. त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर एक सही राहिली होती आणि कागद सोमवारी सकाळी जायचे होते. फोन लागेना. शेवटी मी रविवारी दुपारी लाइन आळीतल्या त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दार एका साठीपुढच्या गृहस्थांनी उघडलं. लेंगा, बनियन, पांढरी दाढी, हातात अर्धवट सोललेली कोलंबी.

"या, या बेटी," ते म्हणाले. "ऑफिसातल्या ना तुम्ही? मी ओळखलं. बसा, ती आंघोळीला गेलीय. तुमची तब्येत बरी आहे ना आता? मागे घसरून पडला होतात."

मी पडले होते, हे खरं होतं. ते मी फक्त बाईंना सांगितलं होतं.

खाली दोन पाट मांडलेले होते. मी उभीच राहिले. ते आपणहून बोलत होते. उरणला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दर रविवारी दुकान भाच्यावर सोपवून यायचे. "बारा वर्षं झाली," ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून त्यांनी हातातली कोलंबी खाली ठेवली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

खालच्या बिऱ्हाडातल्या बाईला माहीत होतं. मघाशी जिन्यात तिने मला सांगितलंही होतं, "जा वर, घड्याळवाले काकाही आहेत." मला वाटलं होतं, घड्याळ बिघडलं असेल.

बाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी सही केली. मी जिना उतरले, तर त्या मागे आल्या.

"माझ्या भावांनी तंगड्या तोडल्या असत्या त्याच्या," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तो मुसलमान, आमी आगरी. शाळेतपन कुनी ठेवलं नसतं."

"ते मला कळतं, बाई. तुम्ही लपवलंत त्याचा मला राग नाही. पण मी सरांबद्दल विचारलं होतं. तेव्हा तुम्ही मला रविवार मोडायचाय का, असं विचारलंत. तुमच्या घरी दोन पाट मांडलेले असताना."

त्या भिंतीला टेकल्या. 

"तू गेली असतीस तर उरलेले सहा दिवस माझं कोन होतं?" त्या म्हणाल्या. "तो यायचा एक दिवस. बाकी तूच होतीस."

इतकं खरं त्या माझ्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या. आणि ते ऐकून मला जे वाटलं ते नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. नवऱ्यावर मी शेवटी शेवटी विश्वास ठेवणं सोडलं होतं. बाईंवर ठेवून मी माझं उरलेलं आयुष्य मांडलं होतं.

निरोपसमारंभाला मी आजारी असल्याचं कळवलं. नंतर त्यांनी दोन-तीनदा ऑफिसात फोन केला. मी घेतला नाही. बाई आणि घड्याळवाले काका श्रीवर्धनकडे काकांच्या बहिणीच्या गावी राहायला जाणार असल्याचं आमच्या शिपायाने सांगितलं. चारेक वर्षांनी त्याच शिपायाने बाई वारल्याचं सांगितलं. बातमी तीन आठवडे जुनी होती.

घरी येऊन मी रडले. फोन कुणाला लावला नाही. मग तोंड धुतलं, कणीक मळली, जेवले. हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं आणि ते कामाला येत होतं, याचाही मला राग आला. मी त्यांना माफ केलं, असं इथे लिहिलं तर बरं दिसेल. पण तसं झालेलं नाही.

त्या पनवेल सोडून गेल्या त्या दिवशी मी त्यांना पाहिलं होतं. मी माझ्या बहिणीला आणायला एसटी स्टँडवर गेले होते. श्रीवर्धनच्या गाडीत त्या बसल्या होत्या. काका पाण्याची बाटली आणायला उतरले होते. बाईंनी मला पाहिलं आणि भरलेल्या गाडीतून, लोकांच्या पिशव्या ओलांडत खाली आल्या.

"अजून राग हाय?"

"हो."

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. कंडक्टरने बेल दिली, काका बाटली घेऊन लांबून धावत येताना दिसले, तशा त्या वळल्या. पायरी उंच होती, गुडघे दुखायचे. दांड्याला धरून त्या चढायला बघत होत्या आणि जमत नव्हतं. मी पुढे झाले, कोपराला हात लावून त्यांना वर चढवलं, आणि गाडी निघायच्या आत मागे फिरले.